बाबानं लिंपलेली कणगी

पठाणकोट
१० मार्च १९७३

माय,

तुह्या भिवाचा जय भीम. मी चांगला हाय. खोकलाही गेला, काळजी करू नको.

आता मले लष्कराच्या धान्याच्या कोठारात काम हाय. इथं नवं पोतं मागं जाते अन् जुनं पह्यले निघते. म्हणून किडे लागत नाईत.

धाकट्या लिलाचं पत्र भेटलं. घरात ज्वारीची कणगी भरलेली, अन् तू राशनची लाल ज्वारी खाऊन राह्यली म्हणे! कणगीखाली पीठ सांडून राह्यलं, असंही लिहिते. माय, सोंडे किडे आतून दाणा पोखरून राह्यले, त्याचं पीठ हाय ते.

तू कणगी काहून फोडत नाई, ते मले समजते. मरायच्या आठ दिवस आधी बाबानं तिचं तोंड मातीनं लिंपलं. त्याची पाची बोटं तिथं उमटली हायेत. पण खळ्यातला एकेक दाणा वेचणाऱ्या माणसाची ज्वारी किड्यानं खावी? बाबा असता तर तुह्यावर किती खेकसला असता!

लिंपण हळूच काढ. बाबाची बोटं उमटलेला तुकडा गाडग्यात जपून ठेवजो. ज्वारी दोन दिवस उन्हात घाल, पाखड. खायापुरती बाहेर ठेव, बाकीची कडूलिंबाचा वाळला पाला घालून भर. पह्यली भाकर तू खाजो, लिलाच्या ताटात सरकवू नको.

गुडघा कसा हाय? लिला त्याचं काहीच लिहीत नाई.

कणगीचं तोंड आता तू लिंप. माती ओली असतानी तुहा हात त्यावर उमटू दे. मे महिन्यात मी सुटीवर येतो. तवा ते लिंपण मह्यासमोर तूच फोडजो.

तुहा
भिवाजी