कावळा शिवेपर्यंत

३ जानेवारी २०११, सकाळी ५.४०
संकल्प. रोज पहाटे उठून जीवन, श्रद्धा, कुटुंब आणि लेखन या विषयांवर एकेक विचार लिहायचा. वर्षअखेर पुस्तक. आजचा विचार: जीवन म्हणजे एसटी स्टँड. गाडी येते, गाडी जाते, प्रवाशानं आपली थैली सांभाळावी. कन्नड स्टँडच्या माइकवर एकोणतीस वर्षं गाड्या पुकारल्या, त्याचं हे सार. मनकर्णाला वाचून दाखवलं. म्हणाली, दूध उतू चाललंय तिकडं बघा. बायकोला साहित्याचं अंग नाही.

९ जानेवारी
पाच दिवस लेखन नाही. थंडी फार. शिवाय पेन सापडेना.
आज इथं पडेगावात द्वारकाबाईंचा दहावा. श्रद्धांजलीला मी बोललो. चाळीस मिनिटं. पिंडाला कावळा काही शिवेना. मी आभार मानून खाली बसलो आणि त्यानं झडप घातली. माइकवाला वहाब म्हणाला, साब, तुम बैठे, वो आया. बरोबर आहे. बाईंचा आत्मा भाषण पुरतं ऐकत होता. असे श्रोते हल्ली मिळत नाहीत.

१६ जानेवारी
नानासाहेबांचा दहावा. कावळा पुन्हा अडून बसला. मयताची काय इच्छा राहिली म्हणून नातेवाईक हात जोडून एकेक शब्द देत होते. नातीचं लग्न लावू. म्हैस विकणार नाही. कशालाच दाद नाही. मी 'श्रद्धा' हा विषय संपवून बसलो तेव्हा आला.
घरी सांगितलं तर मनकर्णा म्हणते, कावळं बी भोंग्याला भितंय. हिला काय सांगायचं? तरी नवा नियम: भाषण दहा मिनिटंच.

२३ जानेवारी
भागूबाईंचा दहावा. पंचावन्न मिनिटं. विषयच मोठा होता. वहाबनं मधेच वायर काढली. म्हणतो, बॅटरी उतर गई. बॅटरी माझ्याच भाषणात कशी उतरते?

३० जानेवारी
करमाडला पुंजारामदादाकडं गेलो. थोरला भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, मला वाढवलं यानंच. लोक काहीही म्हणोत, याचं मत मला पाहिजे. पण दादानं माझं एकही भाषण आजवर पुरतं ऐकलेलं नाही. दुसऱ्या मिनिटाला बिडीला उठतो तो उठतोच. आज अंगणात 'कुटुंब' वाचायला घेतलं. दादा म्हणाला, सांडू, लई झ्याक लिवलंय, पर हरभऱ्याला पानी द्यायचंय. गेला. वच्छलावहिनी चहा ठेवून आत. मी 'कुटुंब' बैलाला वाचून दाखवलं.
फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी
दादा गेला. सकाळी शेतातच. आज विचार नाही.

१५ फेब्रुवारी
करमाडलाच आहे. दहाव्याचं भाषण लिहायला घेतलं. आतापर्यंतची सगळी भाषणं ही तालीम होती, असं वाटतं. दादाला एकदा तरी अथपासून इतिपर्यंत ऐकवायचंच. आता त्याला बिडीला उठून जायची सोय नाही.

२० फेब्रुवारी
भाषण तयार. अकरा पानं. चारही विषय घेतले. सातव्या पानावर सायकलचं काहीतरी आलं होतं, फार घरगुती वाटलं. खोडलं. वहाबला दोन बॅटऱ्या आणायला सांगितल्या.

२१ फेब्रुवारी, दुपार
दहावा. डोकं भादरलं. पुतण्या कडूबानं पिंड मांडले. मी माइक हातात घेऊन उभा, अजून तोंडही उघडलं नव्हतं. कावळा समोर बाभळीवर. तासभर हलला नाही. कडूबा म्हणाला, बाप्पा, रान इकनार नाय. नाही. म्हणाला, मायला सांभाळीन. नाही. घरच्यांकडचे शब्द संपले. ऊन वाढलं.
मग वच्छलावहिनी पुढं आल्या. पदर सावरला, हात जोडले आणि दादालाच म्हणाल्या, आवं, सांडूभाऊ नाय बोलनार. म्या शबुद देते. या आता.
कावळा सरळ दहीभातावर.
मागून कोणीतरी हसलं. मग वहिनी रडता रडता हसल्या, कडूबा हसला. वहाबनं माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला. म्हणाला, जाने दो साब, भाई का हुकूम है.
कावळा भुकेला होता. बाकी काही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भुकेला असता तर तासभर बसला नसता.
बाजेवर अकरा पानं घेऊन बसलो. पहिली तीन पानं जीवन. पुढं श्रद्धा. शोधून शोधून पाहिलं, दादाचं नाव कुठंच नाही. एकाच ठिकाणी आहे, सातव्या पानावर, खोडलेलं: मॅट्रिकच्या परीक्षेला दादानं मला करमाडहून औरंगाबादला सायकलवर डबलशीट नेलं, सगळे दिवस, आणि माझा पेपर होईपर्यंत तो बाहेर उन्हात उभा राहायचा.
तेवढंच दादाच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचलं. त्यानं बिडी काढायच्या आत संपलं असतं.