पत्रा माझा होता

३ जून २०१४, लातूर
सूड घ्यायचं ठरलं.

आमचे साडू चन्नबसप्पा, म्हणजे मंजुषाच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजेच लातुरातले फेमस सी. बी. सर, यांनी आत्मचरित्र काढलं. 'पत्र्याखालून प्रगतीकडे'. मी ते वाचलेलं नाही. दुश्मनाचं पुस्तक वाचून त्याचा भाव वाढवायचा नसतो. पण शेजारच्या संगप्पाने मुद्दाम घरी येऊन एक पान दाखवलं. 'भूकंपानंतर एका पत्र्याच्या शेडमध्ये मी पोरांना फिजिक्स शिकवू लागलो.'

एका शेडमध्ये. ते शेड काय आभाळातून पडलं होतं? माझ्या अंगणातलं शेड. पोरं बसायची ती पोतीसुद्धा मी डाळ मिलमधून आणलेली. आज या माणसाच्या क्लासच्या तीन बिल्डिंगा आहेत, अन् पुस्तकात माझं नाव नाही. वीस वर्षांचे संबंध एका शब्दात उडवले.

४ जून
मीही आत्मचरित्र लिहिणार. नाव 'पत्रा कोणाचा?' रोज पहाटे पाच ते सात लेखन. दिवाळीत प्रकाशन. सी. बी.ला पहिल्या रांगेत बसवायचं आणि त्याच्यासमोर ते शेडचं प्रकरण मोठ्याने वाचायचं. तोंड लपवायला जागा उरणार नाही.

५ जून, सकाळी ९
आत्ता उठलो. लेखकाने झोप पूर्ण घ्यावी. उद्यापासून नक्की.

११ जून
अभ्यासासाठी वाचनालयातून चार आत्मचरित्रं आणली. सगळी आईपासून सुरू होतात. सगळ्यांच्या आया गरीब, सोशिक आणि मुलाच्या पाठीशी उभ्या. आमच्या आईनं मला सांगितलेलं एकच वाक्य लक्षात आहे. "तुज्याच्यानं काई व्हायचं न्हाई." ते घेता येत नाही. डायरेक्ट भूकंपापासून सुरू करतो.

१२ जून
'धरणी हादरली. त्या क्षणी मी धैर्याने' एवढं लिहून झालं. धैर्याने काय केलं ते आठवेना. मंजुषाला विचारलं. ती म्हणाली, मी पोरीला उचलून अन् सासूबाईंना धरून बाहेर आले तेव्हा तुम्ही आधीच रस्त्यावर होता.
लिहिलं: 'धैर्याने सर्वप्रथम बाहेर पडून मी परिस्थितीची पाहणी केली.'

२ जुलै
शेडचं प्रकरण सुरू. भूकंपानंतर आख्ख्या गल्लीने पत्र्याची शेडं मारली होती. किल्लारीकडच्या बातम्या ऐकून घरात पाय टाकायची कोणाची छाती नव्हती. पुढे लोकांनी काढली. मी ठेवलं आणि तिथेच झोपत राहिलो. हवा चांगली यायची. हिवाळ्यात तर विशेष.
लोक खामखा काहीबाही बोलायचे. भीती आमच्या रक्तातच नाही. आजही माझा पलंग दारापाशी असतो तो उजेडासाठी. दाराला कडी नसते तीही उजेडासाठीच.

१४ ऑगस्ट
लेखन सध्या थांबलेलं आहे. एकूण पानं चार. पुस्तकाला वेळ लागतो, आणि सूड गरम असतानाच घ्यावा. म्हणून तडक सी. बी.च्या ऑफिसात गेलो. बाहेर पालकांची ही गर्दी. कोणी उदगीरचे, कोणी मुदखेडचे. मलाही टोकन दिलं. अपमानात भर.
आत गेल्यावर स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या आवृत्तीत शेड कोणाचं, ते का होतं, किती दिवस होतं, सगळं माझ्या नावानिशी आलं पाहिजे. नाहीतर माझं पुस्तक येतंय, आणि मग बघ.
सी. बी. कासावीस झाला. म्हणाला, अण्णा, तुम्हीच तेव्हा माझा हात धरून म्हणला होता की कुणाला सांगू नको. म्हणून नाव टाळलं. आता नाव टाकायचं तर सगळंच टाकावं लागंल.
मला असं काही म्हणाल्याचं आठवत नाही. मी म्हणालो, सगळंच टाक. एक अक्षर सोडू नकोस.
चेहरा पडला बेट्याचा. घाबरला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मंजुषाला विजयाची बातमी दिली. ती म्हणाली, कामून खाजवून खरूज काढून राहिलात? बायकांना सूड कळत नाही.

११ नोव्हेंबर
दुसरी आवृत्ती आली. सी. बी.ने पहिली प्रत घरपोच पाठवली. उघडून पाहिली. प्रकरणाचं नावच 'राजशेखर अण्णांचं शेड'. मोठ्या ठसठशीत अक्षरात. बास. पुढे वाचलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
आता हे नाव सगळ्या पाहुण्यारावळ्यांत गेलं पाहिजे. निलंग्याला भाचीचं लग्न आहे. आहेराच्या टॉवेल-टोपीबरोबर प्रत्येकाच्या हातात हे पुस्तक द्यायचं. मेहुणे हो म्हणाले. सी. बी.ला प्रती मागितल्या तर त्याने दोनदा विचारलं, अण्णा, तुम्ही वाचलंय ना? मी म्हणालो, मला शिकवू नको.

८ डिसेंबर, सकाळी, निलंगा
काल मांडवाच्या दारात स्वतः उभं राहून प्रत्येकाला पुस्तक दिलं, पान उघडून. अक्षता पडेपर्यंत निम्म्या मांडवाने वाचलं असावं, कारण जेवणाच्या पंगतीत सगळे माझ्याकडेच बघत होते. मी मान ताठ ठेवली.
मग गुणाबाई मावशी आल्या. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई भ्याला व्हतास व्हय रं लेका." नंतर नवरदेवाचा चुलता आला. भला माणूस. हळूच विचारलं, पाहुण्यांची झोपायची सोय वरच्या मजल्यावर केलीय, तुम्हाला चालंल का, का खाट बाहेर टाकू?
संडासात जाऊन प्रकरण वाचलं. 'अण्णा भूकंपानंतर दोन वर्षे छताखाली झोपू शकले नाहीत. गल्लीतली सगळी शेडं निघाली, त्यांचं राहिलं. त्यांच्या त्या भीतीमुळे मला जागा मिळाली. माझ्या तिन्ही इमारती अण्णांच्या भीतीवर उभ्या आहेत. मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.'
ऋणी म्हणे. हलकट.
खाट बाहेर टाकली होती. झोप चांगली लागली, हे वेगळं.

त्याच दिवशी, रात्री, लातूर
येताना एसटीत मंजुषाने ते प्रकरण वाचलं. मला वाटलं हसेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. हसली नाही.
म्हणाली, शेडमध्ये मीपण झोपत होते. मला भ्या नव्हतं. तुम्ही झोपेत दचकून उठायचा, तेव्हा कुणीतरी जवळ पाहिजे म्हणून. पोरगी आत सासूबाईंजवळ, मी बाहेर थंडीत तुमच्याजवळ. सी. बी. दाजींना ते कुठून माहीत असणार, ते शिकवून घरी जायचे. पण तुमच्या पुस्तकात मी कुठं आहे?
माझ्या चार पानांत ती एकदाच येते. पाहुण्यांना चहा देते.
औसा आल्यावर तिने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, आणि दोन वर्षं छापलंय ते चूक आहे. मला कुणी विचारलं असतं, तर खरं किती ते मी सांगितलं असतं.
खरं किती ते मी इथेही लिहिणार नाही.