आमच्याच अंगणातला सांधा

सोमवार, ३ फेब्रुवारी

मशिन पुन्हा ओरडलं. आज तिसऱ्यांदा. पाण्याचा पंप लावला की दिवे मिणमिणतात आणि ह्यांचं ऑक्सिजनचं मशिन बोंब मारायला लागतं. धावत जाऊन पंप बंद केला. तोवर ह्यांचे ओठ निळसर. डॉक्टर म्हणालेत, मशिन आता चोवीस तास हवं — कायमचं.

जमिनीखालच्या विजेच्या केबलचे सांधे जोडण्यात ह्या माणसाची तीस वर्षं गेली. अख्खी वस्ती ‘सांध्यांचे डॉक्टर’ म्हणते. आणि घरात ही तऱ्हा.

मंगळवार, ४

वायरमन आला. ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. म्हणाला, दोष घरात नाही, जमिनीखाली आहे — गल्लीतल्या पेटीपासून आपल्या मीटरपर्यंत कुठेतरी. “मास्तर, केबल तुम्हीच टाकलीत ना? मधे सांधा आहे का?”

“नाही. सलग आहे.” एवढं बोलून ह्यांनी डोळे मिटले.

गुरुवार, ६

सलग म्हणे!

नळाशेजारी खणलं आणि सांधा निघाला. पेटीकडून येणारी केबल अंगठ्याएवढी जाड, सांध्यापासून आमच्या भिंतीपर्यंतची करंगळीएवढी. सांधा काळा पडून फुगलेला. वायरमन खड्ड्यात उभा, माझ्याकडे बघेना. “टेप गुंडाळलीय ती मास्तरांच्याच हातची, वहिनी.”

आत येऊन ह्यांना विचारलं, तेव्हा सांगितलं. घर बांधलं तेव्हा जाड केबल अर्ध्यातच संपली. बारीक तुकडा पडून होता, तो जोडला. पुढच्या महिन्यात बदलू म्हणून बुजवून टाकलं. मग हाताखालच्या लोकांदेखत आपलंच अंगण उकरायची लाज वाटली.

नऊ वर्षं! नऊ वर्षं मी म्हणतेय, मोठा ओव्हन घेऊ, घरून केकच्या ऑर्डरी घेते. दरवेळी एकच उत्तर — “वीज कंपनी भार वाढवून देत नाही.” मी कंपनीला काय काय बोलले असेन. कंपनी बिचारी!

इतका राग आला की नाकातली नळी जरा जोरातच सारखी केली. पण भांडू कशी? दोन वाक्यं बोलली की धाप लागते माणसाला.

शुक्रवार, ७

औषधं वेळेवर दिली. तेवढंच.

शनिवार, ८

वायरमन म्हणतो, नुसता सांधा नवा करू, बारीक केबल राहू दे. मशिनला अशी किती वीज लागते — मिक्सरएवढी. ह्यांचा हट्ट, बारीक काढायची आणि भिंतीपर्यंत जाडच टाकायची.

“एवढी जाड कशाला, मास्तर?”

“टाक म्हणतो ना.”

अंथरुणात पडून हुकूम चाललेत. खड्डा आता भिंतीपर्यंत आलाय. स्वयंपाकघरात जायचं तर फळीवरून तोल सांभाळत जावं लागतं.

सोमवार, १०

लिहून काढते.

दहाला पेटीतून वीज तोडली. ह्यांना सिलिंडर लावला — तीन तासांचा. दुसरा मिळाला नव्हता. वायरमन म्हणाला होता, दोन तासांत होतंय.

जाड केबलचं जुनं टोक कापलं तर आत ओल. आणखी कापलं, तरी ओल. हातभर गेल्यावर चांगली तार लागली — आणि आता नवी केबल हातभर कमी पडली! बारा वाजून गेले होते. वायरमन खिडकीशी आला. “मधे तुकडा टाकतो मास्तर. दोन सांधे होतील, पण लवकर उरकेल.”

ह्यांनी तोंडावरचा मास्क काढला. “दोन नाही. मीटरखाली वळसा ठेवायला सांगितलाय... तो ओढ.” प्रत्येक शब्दाला एक श्वास. मी मास्क परत दाबून बसवला.

वळशातली जादा केबल ओढली, लांबी पुरली. मग एकेका तारेचं टोक धातूच्या नळीत घालून नळी दाबायची, वर आवरण चढवून आच द्यायची, ते घट्ट आवळेपर्यंत थांबायचं. घाई केली की ओल आत जाते, हे मला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ. त्यामुळे त्याला घाई कर असं म्हणताही येईना. साडेबाराला सिलिंडरचा काटा लाल पट्टीत गेला.

“किती आहे?” ह्यांनी विचारलं.

“हिरव्यात आहे. गप्प पडा.”

सरळ खोटं बोलले. घरात ती कला आहेच.

एकला पाच कमी असताना दिवा लागला. मशिन घरघरलं. मी मुद्दाम पंप लावून बघितला — दिवा जरासुद्धा हलला नाही. मग न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

मंगळवार, ११

राग अजून पुरता गेलेला नाही. तरी सकाळी म्हटलं, “सांधा छान जमलाय त्याला.”

“माझ्यापेक्षा बरा,” म्हणाले. दोघंही हसलो. मग ह्यांना ढास लागली.

खड्डा बुजवला.

गुरुवार, १३

भार वाढवायचा अर्ज वायरमनने माझ्या सहीसाठी आणून दिला. अर्जदार म्हणून माझं एकटीचं नाव. विजेवर काय काय चालणार त्याची यादी ह्यांच्या वाकड्या अक्षरात — दिवे, पंखे, फ्रीज, पंप, ओव्हन मोठे दोन. ऑक्सिजनचं मशिन त्यात नाही.

म्हटलं, “तुमचं मशिन लिहायला विसरलात.”

“विसरलो नाही.”

उद्या वायरमन अर्ज न्यायला येणार आहे. मी सही केलेली नाही.