तांबड्या साळीचा वारस

मी, नागनाथ कोंडीबा थिटे, वय अडुसष्ट, धंदा शेती आणि भाषणे, राहणार वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; शंका असेल त्याने चावडीसमोर कोणत्याही विषयावर माझ्याशी तासभर वाद घालून पाहावा. कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न पत्नी केसरबाई हिने पन्नास वर्षे केला, तो फुकट गेला. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण मरण्याचा विचार केला नव्हता. परवा सभेत बोलता बोलता छातीत कळ येऊन मी खाली बसलो आणि भाषण संपले असे समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा केला.

एक. राहते घर केसरबाईचे. तिला विचारल्याशिवाय कोणी भिंतीतली खुंटीही हलवू नये. उखळ-मुसळाचे तिने वाटेल ते करावे. आमची तांबडी साळ गिरणीत घातली की तांदळाचा तुकडा पडतो आणि तांबूस रंगही जातो, म्हणून ती घरीच कांडावी, असे मी जन्मभर सांगत आलो. यावर ती म्हणते, "भाषान तुमी करायचं आन् मुसळ मी उचलायचं व्हय?" हा मुद्दा मी सभेत कधी काढत नाही.

दोन. ज्वारीचे रान, तळ्याखालचा तुकडा, बैलजोडी, औते, विहिरीवरचे इंजिन आणि पोस्टातली शिल्लक मुलगा धोंडीराम याची. मुलगा गुणी आहे. फक्त माझे ऐकत नाही.

तीन. पुस्तके गावच्या वाचनालयाला. शेतीखात्याने फुकट वाटलेल्या पुस्तिका मात्र खात्याला परत कराव्यात. मी त्या पानोपान वाचून समासात उत्तरे लिहिली आहेत. साहेबांनी ती वाचावीत.

चार. आता मुख्य गोष्ट. तळ्याखालच्या आमच्या वीस गुंठे पाणी धरणाऱ्या चिबड जमिनीत ज्वारी कुजते, म्हणून तिथे आजोबांच्या आधीपासून तांबडी साळ लावतात. सन अडुसष्टात गावात आयआर आठ हे भात आले, मागून जया आले, आणि तळ्याखालचा एकेक शेतकरी तिकडे गेला. मी प्रत्येक सभेत विरोध केला. एकदा दोन तास बोललो. दुसऱ्या दिवशी जयाचे बी कुठे मिळते हे विचारणारांची रांग लागली. आज साळीचे बी फक्त माझ्या घरात आहे. एक पेरणी चुकली की पुढच्या साली निम्मे उगवते, त्यापुढे काहीच नाही. म्हणजे माझ्या मागे कोणी पेरले नाही, तर हे भात जगातून गेले.

मृत्युपत्रात खोटे लिहू नये. जया तिप्पट पिकते, हे मला मान्य आहे. पण तिचा पेंढा गुडघ्याएवढा, त्याला माझे बैल तोंड लावत नाहीत. तिला खत पाहिजे, औषध पाहिजे, आणि तळे अर्धे भरले की ती रुसते. बहात्तरच्या दुष्काळात साळीने नुसत्या चिखलावर घरापुरते दाणे दिले, तेव्हा जयाची शेते बांधावरच्या गवतासारखी वाळली होती.

मग बी कोणाला द्यावे? केसरबाईला नको; त्याचे कारण पहिल्या कलमात आले आहे. धोंडीरामला नको. चौऱ्याहत्तर साली खात्याचे साहेब जया आणि साळ शेजारी शेजारी बघायला यायचे होते. बापाची लाज राहावी म्हणून या पोराने साळीला गुपचूप युरिया टाकला. साळ माणसाच्या डोक्यावर गेली आणि साहेब आले त्या सकाळी सबंध शेत आडवे झाले. साहेबांनी फोटो काढला. शाळेलाही नको. मास्तर बी काचेच्या बाटलीत घालून वर चिठ्ठी लावणार, आणि बी बाटलीत मरणार.

पाच. सबब साळीचे सगळे बी मी वीरभद्रप्पा याला देतो. वीरभद्रप्पा म्हणजे गावात आयआर आठ आणणारा, प्रत्येक सभेत माझ्यानंतर उठणारा, माझा चाळीस वर्षांचा वैरी. कारण असे की, तो जया पिकवतो, विकतो, पण खात नाही. आजारी आईच्या पेजेसाठी म्हणून तो आमच्याकडून साळीचे तांदूळ नेऊ लागला. आई वारून चार वर्षे झाली, पेजेचे तांदूळ अजून जातात.

अटी: दर साल किमान दहा गुंठे लावावे. युरिया टाकू नये. रिवाजाप्रमाणे बी विकू नये. मागेल त्याला द्यावे आणि सुगीला सव्वापट परत घ्यावे. सभेत साळीला शिव्या द्यायला त्याला पूर्ण मोकळीक आहे.

वीरभद्रप्पा साक्षीदार व्हायला आला होता. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये असे सोलापूरच्या वकिलांनी सांगितले होते, म्हणून त्याला ओसरीवर बसवले. तिथून तो खिडकीतून सारखा विचारत होता की मी काय लिहितो आहे. शेवटी पाचवे कलम वाचून दाखवले.

"मी न्हाय घेनार," तो म्हणाला. "गाव हसंल मला."

मी पेजेचे वाक्य पुन्हा मोठ्याने वाचले.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"आई गेली तवापासनं."

"आन् बोलला न्हाईस. सभेत येवढं बोलतोस की."

मी म्हणालो, सभेत बोललो असतो तर तू तांदूळ न्यायचा थांबला असतास, आणि मग गावात साळ खाणारा मी एकटाच उरलो असतो.

तो उठला. आता घरी जाईल असे वाटले. तो आत आला आणि म्हणाला, "रोहिन्या दोन दिसांवर आल्या. रोप टाकायचं सोडून तुज्या मरनाची वाट बघत बसू व्हय?" आणि त्याने बियाचे पोते ओढून काढले. केसरबाईने ते स्वतः हात लावून त्याच्या डोक्यावर चढवले. तिच्या तोंडावर एवढा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सहा. दिलेली वस्तू पुन्हा देता येत नाही, म्हणून पाचवे कलम रद्द समजावे. अटी कायम.

सात. पोते दिसेनासे झाल्यावर ध्यानात आले की माझ्या वीस गुंठ्यांचे बीही त्यातच गेले. सबब उद्या मला वीरभद्रप्पाच्या दारात बी मागायला जावे लागेल आणि सुगीला सव्वापट परत करावे लागेल. मी कोणाचे ठेवत नाही. म्हणून भात कापून, झोडपून, त्याचे त्याला मोजून दिल्याशिवाय हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. ती सर्व संबंधितांनी ध्यानात घ्यावी.

हे लिहिले, वाचले आणि शुद्धीत सही केली.

सही: नागनाथ कोंडीबा थिटे

आमच्यादेखत सही झाली:
१. सिद्धाप्पा मलकाप्पा कोळी (सही)
२. येडू तुकाराम बनसोडे (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम वळसंग, जिल्हा सोलापूर
तारीख २३ मे १९७८