जमिनीला पाठ लागली नाही

प्रिय वैजयंती,

तुझ्या नावाची शेवटची वेलांटी दीर्घ. दवाखान्याच्या कार्डावर त्यांनी ऱ्हस्व लिहिली आहे, जमलं तर दुरुस्त करून घे. तू म्हणशील, अशा वेळी बी बाबाले वेलांट्याच दिसतात. दिसतात खऱ्या. जे दुरुस्त करता येतं त्याच्याकडे पाहत बसलं की बाकीच्याकडे पाहावं लागत नाही. जवाईबापू तुझे कपडे न्यायला सकाळीच मानोऱ्याला आले, ओट्यावर चहा पिऊन राह्यले. अकोल्याच्या गाडीला अवकाश आहे, तेवढ्यात लिहून त्यांच्याच हाती देतो.

बाळाचं वजन कालही वाढलं नाही, हे तुझ्या आईनं सांगितलं. त्या काचेच्या पेटीत श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रार्थनेला गुडघे टेकतो आणि 'हे पित्या' म्हटल्यावर पुढचा शब्दच सापडत नाही. चर्चच्या मंडळीत लोक मुद्दाम माझ्याकडून प्रार्थना करवून घेतात, म्हणतात उकंडरावांची भाषा शुद्ध. आता भाषा आहे, आत काही नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुमाले आजीनं उकिरड्यावर टाकलं म्हनून तुमी जगले ना? मंग मी काहून नाई टाकू?" मी 'आवाज कटून राह्यला' म्हणालो आणि फोन ठेवला. आवाज साफ येत होता, बेटा.

घरात मुलं जगत नसली की नवं मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकायचं, दुसऱ्या बाईनं ते उचलायचं, आईनं तिला मूठभर ज्वारी देऊन ते परत घ्यायचं. मरणाला वाटावं, हे तर फेकलेलं, हे कशाला न्या. अशा पोराचं नाव उकंडा, म्हणजे उकिरडाच. त्या नावाची मला कधी लाज वाटली नाही. चौथीच्या पुढे शाळा नाही, एस.टी. स्टँडवरच्या पाट्या पाहून पाहून अक्षर रंगवायला शिकलो, आणि आज फ्लेक्सवाल्यांनी बाजार खाल्ला तरी तालुक्यात मी रंगवलेल्या जुन्या पाट्यांखाली 'उकंडराव आर्ट्स' ही सही शाबूत आहे. एक मात्रा चुकलेली दाखव. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, नवं नाव घ्या, दाविद घ्या. मी म्हटलं, साहेब, एवढ्या पाट्यांवरची सही कोण पुसत बसेल? सगळे हसले. पुढे त्याच चर्चमध्ये उभं राहून मी लोकांना सांगत आलो की उकिरड्यात काही नाही, ही भीतीची पूजा आहे.

आणि परवा फोन ठेवल्यावर मी मागच्या दारी गेलो. उकिरड्याकडे पाहत उभा राहिलो. कोरडा कोपरा कोणता, तिथं सूप नीट बसेल का, हे पाहत होतो. दुसऱ्याला उपदेश करणारा मी, जागा पाहत होतो.

काल चर्चच्या भिंतीवर वचन रंगवायला गेलो. नाताळच्या आधी दर वर्षी नवं वचन असतं. यंदा पाळकसाहेबांनी स्तोत्रातलं काढून दिलं, देव उकिरड्यावर पडलेल्याला उचलून घेतो अशा अर्थाचं. वाचलेलं होतं, कितीदा तरी. पण वाचताना डोळा पुढे पळतो, लिहिताना हात पळू शकत नाही. खडूनं आखून घेतलं, 'उकिरडा' भरला, आणि पुढच्या 'उचल'पाशी ब्रश थांबला. मला माझी आई आठवली.

दुर्गाबाई, तुझी आजी. निरक्षर बाई, देवळात जाणारी. माझ्या चर्चला कधी आली नाही, पण मला अडवलंही नाही. मला उचललं तांड्यावरच्या रामीबाईनं. लहानपणी पोरं मला 'फेकलेलं' म्हणून चिडवायची तेव्हा आई म्हणायची, "टाकलं म्हनतात रे लोकं. माहा हात सुटायच्या आंदीच रामीबाईनं तुले धरलं होतं. जमिनीले तुही पाठ लागलीच नाई." सगळ्यांच्या लक्षात टाकणं राहिलं. नावसुद्धा त्याचंच पडलं. मी टाकल्यानं जगलो नाही, वैजू. कुणीतरी आधीच हात पसरून उभं होतं.

तू विचारशील, मग माझी आधीची दोन लेकरं गेली, त्यांना कुणी धरलं? विचार. मीही काल देवाला हेच विचारलं, शुद्ध भाषा सोडून. "देवा, त्या लेकराइले तू धरलं का नाई? खरं सांग." भिंतीसमोर शिडीवर उभं राहून. कितीतरी दिवसांनी प्रार्थनेत पुढचा शब्द सापडला होता. भीती गेली नाही. ती शिडीखालीच उभी होती. फक्त आता तिच्याशी एकटा नव्हतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पेटीवरच्या पट्टीवर अजून 'वैजयंतीचं बाळ' एवढंच आहे. तू त्याला नाव का देत नाहीस, ते मला कळतं. दोघांची नावं तू पहिल्याच दिवशी ठेवलीस, आणि ती दोन्ही मलाच लहानशा क्रुसांवर लिहावी लागली. तेव्हापासून घरात कुणी लेकराचं नाव काढलं की माझाही हात आखडतो. तरी सांगतो, त्याला टाकू नकोस, देवाच्या हाती सोपव. आणि सोपवायचं तर नावानिशी सोपव. आजच ठेव. उकंडा सोडून कोणतंही, ते माझं वापरून झालं. उद्या सकाळच्या गाडीनं बारीक ब्रश आणि कोरी पट्टी घेऊन येतो. नाव तू सांग, वेलांट्या मी पाहतो. हात हलला तर हलू दे, यंदा एक अक्षर वाकडं चालेल.

तुझाच, न पडलेला,
बाबा