साळूबाईच्या नावाचा अंगठा

मी, सत्यशीला पुंजाराम पाटोळे, वय एकसष्ट वर्षे, धर्म ख्रिस्ती, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार ख्रिस्ती वस्ती, तीर्थपुरी, जिल्हा जालना, देवाला समोर ठेवून नमूद करते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती जरुरीपेक्षा जास्तच चांगली आहे आणि माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आणायला या घरात दुसरे कोणी राहतच नाही. उजवा हात कापतो म्हणून आमच्या चर्चमधले निवृत्त मास्तर अण्णासाहेब साळवे हा मजकूर माझ्या सांगण्यावरून लिहीत आहेत. सही मात्र मी स्वतः करणार. आठ दिवस पाटीवर सराव चालू आहे.

एक. दोन खोल्यांचे माझे घर. मागची खोली, न्हाणी आणि अंगणातला लिंब माझी भाची बेबीनंदा हिला द्यावा. लिंब तोडायचा नाही. पुढच्या खोलीचे अजून ठरत नाही, ते शेवटी सांगते.

दोन. माझी कामाची पिशवी, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी हीसुद्धा बेबीनंदालाच, कारण तीही नर्स आहे. हल्ली मशिनीवर ठोके दिसतात म्हणे. लाइट गेल्यावर दिसत नाहीत. ही नळी मी मलावी देशात अकरा वर्षे वापरली आणि तिने मला एकदाही फसवले नाही.

तीन. भाऊ रामकिसन याने माझा पाटा-वरवंटा एका लग्नासाठी नेला, त्या लग्नातल्या जोडप्याला आता नातू झाला. पाटा त्यालाच राहू द्यावा. मात्र "सत्याला स्थळ मिळेना म्हणून ती आफ्रिकेला गेली" असे तो चारचौघांत सांगतो, ते त्याने माझ्या पुरण्याच्या दिवसापुरते तरी थांबवावे. स्थळे आली होती. मला जायचे होते.

चार. मातीच्या वेळी भाषणे नकोत. बँकेतली शिल्लक चर्चच्या महिला मंडळाला द्यावी. त्याचे कारण असे. आमच्या वस्तीतल्या बायका भाकरीचे पीठ मळण्याआधी ज्वारीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकतात आणि रविवारी तो डबा चर्चला नेतात. चौऱ्याऐंशी साली चर्चने मला मलावीच्या मिशन दवाखान्यात बाळंतिणींच्या सेवेला पाठवले, ते या मुठींच्या जोरावर. माझी आई साळूबाई हिच्या डब्यावर तिचे नाव रंगवलेले होते.

पाच. शेजारीण मालनबाई देवानंद खरात, निवृत्त शिक्षिका, हिला माझ्या मालमत्तेतले काहीही देऊ नये. तिला मातीलाही बोलावू नये. कारण लिहून ठेवते, म्हणजे मागे कोणी तर्क करायला नको.

मालन माझी लहानपणची मैत्रीण. ती बौद्ध, आम्ही ख्रिस्ती, भिंत एकच. आईला लिहिता येत नव्हते, म्हणून आईची पत्रे मालन लिहायची आणि खाली आई अंगठा उमटवायची. मलावीत मला सगळ्यात मोठा आधार त्या अंगठ्याचा होता. शहाऐंशीच्या अखेरीस आमच्या वॉर्डात एका आठवड्यात तीन बाळंतिणी गेल्या. औषध नाही, रक्त नाही, गाडीला डिझेल नाही. तिसरी सतरा वर्षांची होती. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद झाली. ज्या बायकांना मी येशूचे प्रेम सांगायला गेले होते, त्यांच्याकडे मला बघवेना. मी आईला लिहिले, देव इथे नाही, मी परत येते.

उत्तर आले. ते पाठ आहे. "पोरी, देव तिथं हाय का न्हाई ते मंग बघू. आधी वार्डात जी बाई कण्हून राह्यली तिला पाणी पाज. तुझ्या नावाची मूठ रोज डब्यात पडून राह्यली. ज्या दिवशी पडायची बंद होईल, त्या दिवशी परत ये." खाली अंगठा. त्यावर कपाळ टेकून मी रडले. त्या दिवशी मी प्रार्थना केली नाही, नुसते पाणी दिले. दुसऱ्या दिवशी दोन्ही केले. माझा विश्वास परत आला तो असा.

अठ्ठ्याऐंशीला सुट्टीवर आले तर घराला कुलूप. किल्ली घेऊन मालन आली आणि दारातच तिने सांगून टाकले. आई शहाऐंशीच्या श्रावणात गेली होती. जाताना आईने तिच्याकडून वचन घेतले होते, "सत्याला सांगू नको, ती समदं सोडून येईल." रामकिसनला आणि चर्चच्या मंडळींनाही गप्प बसवले होते. त्यानंतरची अकरा पत्रे मालनने आपल्या मनाने लिहिली होती. अंगठाही तिचाच. मला आधीच कळायला हवे होते. देव आहे की नाही ते मग बघू, असे माझी आई मेली तरी म्हणाली नसती.

मी म्हटले, "तू माझ्या आईला दोनदा मारलंस." त्यानंतर मी पुन्हा मलावीला गेले, पंच्याण्णवला कायमची परत आले, पण पंधरा वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिची अकरा पत्रे आईच्या पत्रांपासून वेगळी काढून ट्रंकेत टाकली. जाळली मात्र नाहीत.

इथे अण्णासाहेबांनी पेन खाली ठेवले. पुढचे मी मुद्दाम लिहायला लावते आहे.

ते म्हणाले, "ताई, हे कलम मी लिहिलं, पण ते बराबर न्हाई. रविवारचं धान्य कोण जमा करायचं?"

"तुम्हीच."

"साळूबाईचा डबा दर रविवारी चर्चच्या पायरीवर भरलेला असायचा. ती गेल्यावर बी. तुम्ही परत येईस्तोवर, नऊ वर्षं. एकदा मी आडोशाला उभा राहून बघितलं. मालनबाईच ठेवून गेल्ती."

मी विचारले, इतकी वर्षे का सांगितले नाही. ते म्हणाले, "त्यांनी शपथ घातल्ती. म्हणल्या, सत्याला सांगताल तर ती म्हणंल, मी तिच्या देवाला लाच देऊन राह्यले."

पत्रात लिहिले होते की मूठ रोज पडते आहे. तेवढे खोटे नव्हते. मालनचा देवावर विश्वास नाही. तरी माझ्या देवाच्या कामासाठी तिने नऊ वर्षे आपल्या भाकरीतली मूठ काढली, आणि मला काम सोडून परत यावे लागू नये म्हणून ती कधी बंद पडू दिली नाही. अंगठ्याचेही मला आजच उमगले. मालनचे वडील कोऱ्या कागदावर अंगठा देऊन एकदा फसले होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी पोरीला समोर बसवून सांगितले होते की आपल्या घरात यापुढे कोणी अंगठा लावणार नाही. पूर्ण खरात घराण्यातली ती पहिली मॅट्रिक. तिने माझ्यासाठी अकरा वेळा अंगठा लावला.

आणखी एक आठवले. आईची बातमी घेऊन मी मलावीला परतले तेव्हा दवाखान्याजवळच्या बायका माझ्या खोलीत जमिनीवर येऊन बसल्या. ज्या घरी माणूस गेले तिथे प्रत्येक बाई मक्याचे पीठ नेते, ही त्यांची रीत. अॅग्नेस नावाच्या म्हातारीला मी पत्रांची हकिकत रागारागाने सांगितली. तिने विचारले, "त्या बाईकडे पीठ कोणी नेलं?" मी तिच्यावरही चिडले होते.

तेव्हा कलम पाच रद्द. अण्णासाहेब म्हणाले, नवा कागद घेऊ. मी नको म्हटले. खोडायचे नाही, माझी चूक कागदावर दिसू द्या. बेबीनंदा आज घरी आली आहे, तिच्या हाती परातभर ज्वारीचे पीठ मालनकडे पाठवले आहे. ती येईल की नाही, मला माहीत नाही. आली नाही तर हे मृत्युपत्र अपुरेच राहील.

सहा. मालन आली. परात रिकामी परत करू नये म्हणून तिने त्यात ज्वारीची एक मूठ टाकून आणली होती. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "पीठ कशाचं पाठवलंस? कोण गेलं?"

मी म्हटले, "आई गेली ना आपली. तुझ्याकडं यायचं राह्यलं होतं माझं."

ती तिथेच खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला, आणि मीही रडले. अण्णासाहेबांनी यातले फारसे लिहिलेले नाही, ते लिंबाकडे बघत होते.

सात. पुढची खोली मी मालनच्या नावे करायला आणि दुसरी साक्षीदार म्हणून तिचीच सही घ्यायला निघाले. अण्णासाहेबांनी कायदा सांगितला की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, तेव्हा मालनबाईंनी खोली घ्यावी किंवा सही करावी. मालन म्हणाली, "खोली काय करू? अकरा अंगठे लावले तुझ्यापायी. मला एक सही करू दे." म्हणून पुढची खोलीही बेबीनंदालाच.

आठ. आईची पत्रे आणि नंतरची अकरा पत्रे मी आज एकत्र केली आहेत. ती सगळी माझ्या पेटीत माझ्याबरोबर पुरावीत. त्यातली कोणती कोणाची हे कोणी निवडू नये. मातीला मालनला सगळ्यात पुढे उभे करावे. तिला प्रार्थना येत नसेल तर तिने नुसते उभे राहावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अण्णासाहेबांनी करावी. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सही करायला पेन धरले, तीनदा घसरले. पाटीवर येत होती. शेवटी मालननेच माझा डावा हात हातात घेतला.

ठिकाण: तीर्थपुरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २००३

साक्षीदार व लेखनिक: अण्णासाहेब साळवे (सही)

साक्षीदार: मालनबाई देवानंद खरात, निवृत्त शिक्षिका (पूर्ण सही)

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: सत्यशीला पुंजाराम पाटोळे
हस्ते मालन