सोळा नंबरची साक्ष

आणि देवाला द्यायचा दशांश कमी आला म्हणून तू चर्चमध्ये मंडळीपुढे देणाऱ्यांची यादी वाचताना माझं नाव वाचलंच नाहीस, हे, दादा, मला ताईकडून कळलं. वर माझं लहानपणीचं टोपणनाव घेऊन म्हणालास, "भिंगरी देवाला विसरली. साक्ष द्यायला आयुष्यात एकदा तरी उभा राहिलाय का तो?" याचं उत्तर फोनवर देणार होतो. पण उद्या मोठ्या टाकीच्या आत कामाला उतरायचं आहे, आणि कंपनी म्हणते, आत जाणाऱ्याने मागची व्यवस्था लिहून ठेवावी. तर उत्तरही याच कागदावर.

मी, वय वर्षे चोवीस, शिक्षण सातवी नापास, धंदा वेल्डर, पूर्ण शुद्धीत आणि धडधाकट असताना, कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नाही, प्रभूला स्मरून लिहितो की माझ्या पश्चात माझ्या जिनसांची वाट खालीलप्रमाणे लावावी. नीट लावावी, दादा, नेहमीसारखी नाही.

कलम १. घराच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची माझ्या नावावर आहे, ती ताईला. तिचं शिलाईमशीन खिडकीपाशी उजेडात ठेवावं. भावजींनी तिथे दुकान थाटायचा विचारही करू नये.

कलम २. बँकेत जे असेल ते ताईच्या मुलीच्या शिक्षणाला. तिने तरी सातवीच्या पुढे जावं.

कलम ३. माझी सायकल दादाच्या मेहुण्याने न विचारता नेली, ती त्यालाच राहू दे. त्याला माफ केलं असं लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. प्रयत्न चालू आहे.

कलम ४. हातोडी शेजारच्या खाटेवरच्या काकांना द्यायची होती. पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही मिळत नाही, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून सकाळीच देऊन टाकली.

कलम ५. आईचं बायबल माझ्या पेटीत आहे. ते दादाला, पण एका अटीवर, अट शेवटी लिहिली आहे.

आई जेवायला वाढताना रोज विचारायची, "आज देवाने तुझ्याकडे काय मागितलं?" दादा, तू बायबलातलं वचन म्हणून दाखवायचास, चुकायचा नाहीस. मला वचन कधी आठवलं नाही. मी म्हणायचो, "देवाने काही नाही. शेजारच्या आजीने पाण्याची बादली चढवून मागितली." आई म्हणायची, "मग तेच." आणि मला आधी वाढायची. तुला अजून राग असेल.

इथे प्रत्येक वेल्डरने आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचा असतो, इंग्रजी आकड्यात. दोन महिन्यांपूर्वी टाकीत पाणी भरून तपासलं तर एक जोड गळला. शेजारी नंबर 91, म्हणजे आमचे काका, तीन मुलींचे बाप. मुकादम म्हणाला, "सामान बांधा." काका म्हणत राहिले, "अहो, मी तिथे हातच लावलेला नाही."

मला आठवलं. तो जोड मी उताणा पडून, डोकं खालच्या बाजूला करून केला होता, आणि नंबर उलटा ठोकला गेला होता. माझा नंबर 16. उलटा वाचला की 91. माझ्याशिवाय कोणाला कळलं नसतं. मला पहिल्या दर्जाचा वेल्डर करायचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीला ठेवलेलं होतं.

जेवायच्या सुट्टीत ताट वाढून घेतलं. ताटासमोर आई तोच रोजचा प्रश्न घेऊन बसल्यासारखी वाटली. उठलो आणि सगळ्यांसमोर बोललो, "तो सोळा आहे. माझा आहे."

मुकादम म्हणाला, "गाढवा, तुला कोणी विचारलं होतं?"

मी म्हटलं, "विचारलं होतं."

काका राहिले. माझं पत्र फाडलं आणि सहा महिने पगारात कपात लागली. दशांश म्हणजे दहावा हिस्सा, पगार घटला की तोही घटतो, एवढं सातवी नापासालाही कळतं. तो जोड मी पुन्हा केला. टाकी भरली, थेंब गळला नाही. नंबर या वेळी सुलटा ठोकला, जाऊन बघ.

अट अशी: दादाने हे पाचवं कलम मंडळीत, साक्ष देतात त्याच जागी उभं राहून, मोठ्याने वाचावं. मी मेल्यावरच वाचावं असं नाही, येत्या रविवारी वाचलंस तरी चालेल. नाही वाचलंस तर बायबल ताईला.

साक्षीदार पहिला: नंबर एक्याण्णव, सही.

साक्षीदार दुसरा: मुकादम, सही. सहीआधी म्हणाला, "माझ्याबद्दल काय लिहिलंयस?" वाचून दाखवलं. "गाढव बरोबर लिहिलंयस," म्हणाला आणि माझं पेन खिशात घालून निघाला. मागून आणावं लागलं.

ठिकाण: कामगारांची खोली अकरा, वरची खाट. तारीख चौदा, रविवार, दुपार. खाली माझी सही, सुलटी.

ता. क. या महिन्याचा दशांश सोबत पाठवतो आहे. आकड्यापुढे "फक्त" लिहायची रीत आहे, मी लिहीत नाही. अक्षरी रुपये एक हजार एकशे चाळीस.